पहिल्या झाडाखालची ओल

४ डिसेंबर
आज बगीच्याचं पाणी बंद केलं. मी केलं! गडी कवडूनं तीनदा विचारलं, "बाई, नक्की ना?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मीच जाऊन स्टार्टर पुन्हा पाहून आले. पण बंद म्हणजे बंद.

आता संत्र्याला उपाशी ठेवायचं. ताण द्यायचा. पानं मलूल होईतो थांबायचं, मग पाणी सोडायचं, की फेब्रुवारीत फूल फुटतं. लवकर सोडलं तर नुसता पाला, उशीर केला तर झाड वाळतं. एवढं इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण नेमकं कधी सोडायचं ते ह्यांना ठाऊक होतं. एवढी वर्षं मी डबा घेऊन बगीच्यात गेले, ह्यांनी एका शब्दानं सांगितलं नाही. आणि श्रावणात निघून गेले. गेलेल्या माणसाचा राग करू नये म्हणतात. मी करते.

तेरवीच्या दिवशीच भासऱ्यांनी भरल्या घरात जाहीर केलं — "एक बहार तिले करून पाहू द्या. नाही जमलं तं बगीचा मी पाहीन." मला नाही सांगितलं. माझ्या लेकीला, शीतलला सांगितलं, मी तिच्या शेजारीच बसले होते तरी! आमच्याकडे मोठा दीर धाकट्या भावाच्या बायकोशी सरळ बोलत नाही. तिनं पदर घ्यायचा, बाजूला व्हायचं. लग्न होऊन आले तेव्हापासून भगवंतरावांचा एक शब्द माझ्याकडे तोंड करून आलेला नाही. आणि माझा बगीचा मात्र पाहणार!

एक बहार. यंदाचा आंबिया, हा फेब्रुवारीतल्या फुलाचा. तो हातचा गेला की मी घरी बसायचं आणि बांधापलीकडच्या त्यांच्या बगीच्याबरोबर माझाही त्यांच्याकडे जाणार.

७ डिसेंबर
शीतल नागपूरहून आली, रात्रीच्या गाडीनं परत जाणार. पिशवीत एक पांढरी खुंटी घेऊन आली. सेन्सर! जमिनीत रोवायचा, तो ओल मोजतो आणि आकडा माझ्या मोबाईलवर येतो. आपल्या भारी जमिनीत आकडा बावीसला आला की पाणी सोडायचं. "आई, कोणाले विचाराचं काम नाही. नंबर पाह्य, बस."

लेक माझी हुशार आहे. बापावर गेली नाही, सांगते तरी!

खुंटी पहिल्या झाडाखाली रोवली, फाटकाजवळ. मागं नाल्याकडे मोबाईलला रेंज नाही, आणि इथं नजरेसमोरही राहते. आकडा आला छत्तीस. खाली हिंदीत ओळ — 'मिट्टी में नमी पर्याप्त है. सिंचाई न करें.' किती अदबीनं बोलतो! ह्या घरात माझ्याशी कोणी इतक्या अदबीनं बोललेलं मला आठवत नाही.

१२ डिसेंबर
पस्तीस.

१८ डिसेंबर
चौतीस. पुन्हा पस्तीस. म्हटलं, थंडी आहे, ओल टिकत असेल.

कापसाची वेचणी सुरू आहे. सहा बायका लावल्या. दुपारी सगळ्या मिळून पहिल्या झाडाखाली जेवतो. ह्यांच्या वेळेस मी डबा देऊन परत फिरायची. आता मीही बसते, ठेचा इकडून तिकडे जातो, हसणं-खिदळणं चालतं. बगीच्यात हसायचं असतं हे मला माहीतच नव्हतं.

२१ डिसेंबर
कवडू भासऱ्यांचा निरोप घेऊन आला. "बाई, मोठे मालक विचारून राहिले, ताण तोडला का, पाणी सोडलं का म्हने."

टोमणा! अजून महिना झाला नाही आणि चौकशा सुरू. मी म्हटलं, "सांग त्यांना, आमचं आम्ही पाहू."

कवडूनं मान खाली घातली. दोन्ही घरची शेती करतो बिचारा, त्याचीच पंचाईत.

२६ डिसेंबर
पुन्हा निरोप. "कवा तोडता म्हने." पुन्हा तेच उत्तर. जाऊबाई विहिरीवर भेटल्या. भासऱ्यांबद्दल म्हणाल्या, "प्रमिला, यायले आजकाल झोप नाही." मी मनात म्हटलं, माझ्या बगीच्यावर डोळा ठेवून कशी लागेल?

तोंडानं बोलले नाही. इथं लिहिते.

२ जानेवारी
सकाळी त्यांच्या विहिरीवरची मोटर सुरू झाली. ताण तोडला त्यांनी. पार शेजारच्या तिगावपर्यंत अजून कोणी पाणी सोडलेलं नाही, पहिले हेच. मी मोबाईल काढून पाहिला. तेहतीस. 'सिंचाई न करें.'

दिवसभर तो मोटरचा आवाज कानात. हात दोनदा स्टार्टरपर्यंत गेला आणि परत आला. शीतलला फोन केला. "आई, मोठे बाबा अंदाजानं करून राहिले. तुह्याजवळ नंबर आहे ना? घाबरते काहून?"

खरंच, घाबरते कशाला? पण आकडा बोलतो तेव्हा त्याचं तोंड दिसत नाही. माणूस बोलला की तो थापा मारतो का, हे कळतं तरी. आकड्यावर विश्वास ठेवायचा म्हणजे डोळे मिटून दुसऱ्याच्या गाडीवर मागं बसण्यासारखं वाटतं. बसले आहे खरी.

८ जानेवारी
नाल्याकडे गेले होते. मागची झाडं बरी दिसत नाहीत. पानं द्रोणासारखी वळली आहेत, हात लावला तर कडक. पुढची त्यामानानं ठीक. फाटकाजवळचं पहिलं झाड तर चक्क टवटवीत!

आकडा बत्तीस. म्हणजे ओल आहे. मग पानं का वळली? रोग असेल? कवडू म्हणाला, "बाई, मले तं तहान दिसते." पण त्याला परवा कापसावरही तहानच दिसली होती.

११ जानेवारी
आज भासरे माझ्याशी बोलले. पहिल्यांदा!

मी मागच्या ओळीत होते. बांधावरून आवाज आला — "झाडं माराची आहेत का!" वळून पाहिलं तर ते स्वतः. धोतराचा सोगा हातात, चेहरा लाल. मध्ये कवडू नाही, जाऊबाई नाहीत, कोणी नाही. माझा पदर डोक्यावर घ्यायचाही राहून गेला. "पानं पाह्यली का? माह्या भावानं, गुणवंतानं पोरासारखा वाढवला हा बगीचा! मोबाईल पाहून झाडं जगतेत?"

मी म्हटलं, "ओल आहे अजून."

ते गेल्यावर मी तिथंच बसले आणि रडले. अपमानानं नाही. ते खरं बोलले असतील ह्या भीतीनं.

१२ जानेवारी
कसं लिहू! लिहितेच.

दुपारी बायकांबरोबर जेवायला बसले. जेवण झालं, सगळ्या उठल्या, घागरीतलं पाणी घेतलं, हात धुतले, चुळा भरल्या, डबे खंगाळले. रोजच्यासारखं. मीही उठले, हात धुतले. आणि हात धुता धुता खाली नजर गेली. पाणी वाहत वाहत गेलं ते थेट खुंटीच्या बुडाशी. तिथली माती लोण्यासारखी मऊ.

सात जणी. रोज. महिनाभर! बगीचा उपाशी आणि पहिल्या झाडाची रोज दुपारची पंगत. मीच वाढत होते.

खुंटी खोटं बोलली नव्हती. तिला जिथं ठेवलं, तिथलं ती खरंच सांगत होती. एका झाडाची गोष्ट मी चारशे झाडांची समजून बसले. बायकांनी विचारलं, काय झालं? सांगितलं. मग एकीला हसू फुटलं आणि मलाही आवरेना. हसता हसता माझं रडू झालं ते त्यांना कळलं की नाही, माहीत नाही.

शीतलला फोन केला. ती म्हणाली, "आई, चूक माही बी आहे. जागा मीनंच पाह्यली होती."

१३ जानेवारी
सकाळी खुंटी उपटली. पुढच्या भागात मधोमध रोवली. तासाभरानं आकडा — तेवीस. म्हणजे इथं आजउद्या पाणी. मग तीच मागं नाल्याकडे नेली. रेंज नाही, पण मोबाईल खुंटीजवळ धरला तर ब्लूटूथनं आकडा मिळतो, म्हणून शेजारीच उभी राहिले.

चौदा.

पुन्हा पाहिलं. दुसऱ्या जागी रोवून पाहिलं. तेरा. कवडूनं फावड्यानं खणून दाखवलं — वीतभर माती, खाली नुसता मुरूम. पाणी धरणार कशाला? कागदावर बगीचा एक, पण जमिनी दोन आहेत. मागच्या झाडांना ताण पुढच्यांच्या आधी बसतो, त्यांना पाणीही आधीच हवं होतं. इतकी वर्षं ह्या मातीवर चालले, पायाला कधी कळलं नाही.

मागचं आधी, पुढचं नंतर. मागच्याला पहिल्यांदा अर्धंच पाणी, एकदम भरपेट नाही. हे मी ठरवलं. शीतलला विचारलं नाही, सांगितलं.

१४ जानेवारी
संक्रांत. यंदा हळदीकुंकवाला कोणाचं बोलावणं नाही, येणारही नव्हतं. लागलं मात्र. सगळ्या गल्लीतून बांगड्यांचा आवाज जात होता, मी दार लोटून घेतलं आणि बगीच्यात गेले.

मागच्या भागाचा वॉल उघडला. मोटर सुरू केली. पहिलं पाणी मुरमात असं शिरलं की आवाज यावा! संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिले. बरं वाटलं.

१७ जानेवारी
पुढं बावीस. पुढचाही वॉल उघडला. जेवायला आता चिंचेखाली बसतो.

२५ जानेवारी
मागं पानगळ. आळ्यात पिवळा सडा. सकाळी झाडू मारल्यासारखं साफ करते, दुपारी तितकीच. काही फांद्यांचे शेंडे वाळले. पाच-सहा झाडं जातील असं दिसतं. नालायक आहे मी.

निरोप येत नाहीत आता. ते जास्त लागतं.

१ फेब्रुवारी
खुंटी इकडून तिकडे नेऊन आकडे रोज पाहते — पुढचा, मागचा. पाणी त्याप्रमाणे. आकड्यांवर रागावून उपयोग काय? पण आता आधी झाडाकडे पाहते, मग मोबाईलकडे, मग पुन्हा झाडाकडे. दोघांचं जुळलं तर वॉल. नाही जुळलं तर फावडं. वेळ लागतो. लागू दे.

५ फेब्रुवारी
पुढच्या ओळीत फांदीवर टाचणीच्या डोक्याएवढं काही दिसलं. चष्मा पुसून पाहिलं. कवडूला बोलावलं. "बाई, कळी आहे!" मी त्याला म्हटलं, ओरडू नको, दृष्ट लागेल. आणि स्वतःच ओरडले.

११ फेब्रुवारी
फुललं!! पुढचा भाग पांढरा झाला आहे. मागंही फुटलं. विरळ आहे, सात झाडं गेलीच, पण फुटलं. फाटक उघडलं की वास अंगावर येतो. शीतलला व्हिडिओ पाठवला, ती म्हणाली, "वास येऊन नाही राहिला!" वेडी.

बहार आला. आता बगीचा माझा. हे गेल्यापासून पहिल्यांदा चहात साखर बरोबर पडली.

१३ फेब्रुवारी
बांधावरून भासऱ्यांचा बगीचा दिसतो. हिरवागार! नवा पाला लसलसतो आहे आणि फूल औषधालाही नाही. पाणी फार लवकर सोडलं. ताण बसलाच नव्हता.

मला आनंद झाला. वाईट आहे, पण झाला. "मोबाईल पाहून झाडं जगतेत?" म्हणणाऱ्यांनी आता या म्हणावं आणि पाहा म्हणावं. कवडूजवळ तसा निरोप द्यावा असं ओठांपर्यंत आलं होतं. पण तो शिवरात्रीला महादेवाला, पचमढीला निघायच्या घाईत होता. वाचले!

१६ फेब्रुवारी
कवडू नाही, म्हणून भासरे स्वतःच आले. मी पदर घेऊन आत जायला निघाले तर म्हणाले, "थांबा." अंगणातल्या फरशीकडे पाहत बोलले. "गुणवंताची मोटर सुरू झाली का मी माही सुरू करो. दरसाल. मले ताणातलं काही समजत नाही. यंदा लय वाट पाह्यली, विचारून पाह्यलं, तुमची मोटर वाजेच ना. मंग सोडलं आपलं अंदाजानं."

म्हणजे कवडूला पाठवायचे ते खरंच विचारत होते.

जाता जाता म्हणाले, "बगीचा मी पाहीन म्हनलं, ते लोकायसमोर बोला लागते म्हून. काय पाहनार होतो मी?"

मी चहा ठेवायला आत वळले, तोवर ते अंगणाबाहेर पडले होते.