ओसाकातली कानोको

प्रिय मित्सुएताई,

तुझे फोन मी घेतले नाहीत, याचा राग धरू नकोस. फोनवर मी "सगळं ठीक आहे" म्हणाले असते आणि तूही ते ऐकून घेतलं असतंस. कागदावर मला ते तितकं सहज लिहिता येत नाही. कानोकोने पुन्हा दार लावून घेतलं आहे. या वेळी ती जेवणही घेत नाही. दाराबाहेर ठेवलेला ट्रे तसाच राहतो, फक्त पाणी संपलेलं असतं. पेला रिकामा दिसला की मी खाली येते आणि कामाला लागते.

"पुन्हा" असं लिहिलं, कारण मधे एकदा ती बाहेर आली होती. तुला कळवलं नाही. कळवलं तर ते टिकणार नाही असं वाटत होतं.

झालं असं की एका संध्याकाळी मी ट्रे ठेवून वळले, तर आतून आवाज आला, "आई, उद्या दाट धुकं पडेल. समोरच्या डोंगरावर जाऊ या? वरून किल्ला बघायचाय." दोन वर्षांत तिने काही मागितलं नव्हतं. मी जिन्यावरच बसले. "आणि धुक्यात कोणी कोणाला दिसत नाही ना," ती म्हणाली. तिच्या बाबांना सांगितलं, तर यासुहिको लगेच उठले आणि गाडीच्या काचा पुसायला गेले. काचा स्वच्छच होत्या.

पहाटे ती खाली उतरली. दाराशी तिचे शाळेचे बूट अजून तिथेच ठेवलेले आहेत. तिने पाय घालून पाहिला, टाच आत जाईना. त्या बंद खोलीत ती वाढत होती, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. शेवटी तिने माझे बूट घातले. बाहेर शेजारचं फाटकसुद्धा दिसत नव्हतं. ती मागच्या सीटवर आधी मान खाली घालून बसली, मग हळूहळू मान वर केली, मग काच खाली घेतली. घाट चढताना धुकं विरळ झालं आणि एका वळणावर एकदम लख्ख ऊन. ताई, आपण दोघी या दरीत वाढलो. धुकं खाली असतं आणि वर ऊन असतं, हे आपल्याला कोणी शिकवावं लागलं नाही. तरी आदल्या संध्याकाळी आमच्या तिघांपैकी एकालाही ते सुचलं नाही. आम्हाला फक्त लपायला धुकं दिसलं होतं.

माथ्यावर गर्दी होती. किल्ला मात्र तसाच होता, खाली सगळी पांढरी दरी भरलेली आणि त्यातून नुसते दगडी तट वर आलेले. कानोको तोंड उघडं ठेवून बघत होती, लहानपणी बघायची तशी. "आई, आपलं घर कुठे गं?" मी खाली बोट दाखवलं. "दिसत नाही." "नाही." आणि ती हसली. ते हसू मी पाहिलं. हे लिहून ठेवते, पुढे मला ते खरं वाटणार नाही.

महिला मंडळाच्या बायका तिथे येणाऱ्यांना गरम मिसो सूप देत होत्या. त्यांत शेजारच्या तोकिवाकाकू होत्या. "अगंबाई, ही कानोको ना? ओसाकाहून कधी आलीस?" मला आडवं यायलाही वेळ मिळाला नाही. "ओसाकाला ऊन पडत नाही वाटतं! किती गोरी झाली आहे बघा. मित्सुएमावशी बरी आहे ना? आणि तुझी ती बेकरी? तिथल्यासारखं एखादं वाक्य बोलून दाखव की!" कानोको गप्प. दुसरी एक म्हणाली, "आता ती आपल्यासारख्या गावंढळांशी कशाला बोलेल!" सगळ्या हसल्या. प्रेमाने हसल्या, हे मला मान्य करायलाच हवं.

तुला आठवतं ना, आईच्या वर्षश्राद्धाला आमच्या घरी खालच्या खोलीत सगळे जमले होते. कोणीतरी नातीची चौकशी केली, आणि माझी मान खाली गेलेली पाहून तूच पटकन म्हणालीस, "ती आता माझ्याकडे असते, ओसाकाला." मला वाचवायला म्हणालीस. तेव्हा कानोको आपल्या डोक्यावरच्या खोलीत होती. त्या दिवसापासून गावासाठी ती ओसाकालाच राहते. तिला स्वतःला हे माहीत नव्हतं.

तिथे माथ्यावर कानोकोने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग काकूंना नीट वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "मावशी बरी आहे. तुमची आठवण काढते." काकूंनी दिलेलं सूप तिने सगळं प्यायलं. गाडीत ती पुन्हा मागच्या सीटवर बसली. खाली उतरताना पुन्हा धुकं आलं, तेव्हा तिने काच वर केली.

त्या दिवशी दुपारी तिने दाराआडून विचारलं, "ओसाकातली कानोको काय करते?" मी टाळायला हवं होतं की सांगायला हवं होतं, अजून ठरवता आलेलं नाही. मी सांगितलं. सकाळी बेकरीत काम करते, संध्याकाळी चित्रकलेच्या वर्गाला जाते. केस कापले आहेत. एक मैत्रीण आहे, तिच्याबरोबर समुद्रावर जाते. मी एकदाही अडखळले नाही. गावाला सांगून सांगून इतकं सगळं माझ्याकडे तयार होतं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चांगली आहे ती. तिलाच ठेवा." तेव्हापासून ट्रे तसाच आहे.

काल तोकिवाकाकू तुझा पत्ता मागायला आल्या. "पोरगी वाळली आहे हो, आमचा नवा तांदूळ पाठवते तिला." मी पत्ता लिहून दिला. एक अक्षरही खोडावं लागलं नाही. म्हणून तुला लिहिते आहे. या आठवड्यात कानोकोच्या नावाने खोकं येईल. तू ते ठेवून घेशील, तिच्या नावाने छानसं आभाराचं कार्ड पाठवशील, मला ठाऊक आहे. या वेळी तसं करू नकोस. खोकं घेऊ नकोस. या नावाचं इथे कोणी राहत नाही, असं पोस्टमनला सांग आणि परत पाठव. ते काकूंच्या दारात येईल, मग त्या आमच्या दारात येतील. त्यांच्यासमोर तोंड उघडायचं धाडस माझं स्वतःहून झालं नाही, होणारही नाही. तिचं दार उघडेल अशी आशा मला वाटत नाही, खोटं सांगत नाही. पण ती वर उपाशी पडून आहे आणि सगळा गाव दुसऱ्याच एका मुलीला जेवू घालतो आहे, हे मला आता बघवत नाही.

तुझीच,
हिसानो