दादाच्या तारखेची फाईल

१७ ऑगस्ट १९९८, सोमवार, संध्याकाळ

दादाला जाऊन महिना झाला. अंबडच्या आमच्या डिझाइन ऑफिसातलं युनिक्स मशीन तेव्हापासून रोज सुरू होताना विचारतं, कर्नल, म्हणजे मशीनचा गाभा, नव्याने बांधायचा का? मी रोज ‘नाही’ दाबतो. दादाचीच शिकवण. “कळत नसेल तिथे नाही म्हणायचं, शहाणपणा करायचा नाही.”

आज वहिनी ऑफिसात आल्या. पडद्यावरचा प्रश्न वाचून म्हणाल्या, “भाऊजी, रोज नाही म्हणता, पण का विचारतंय ते बघितलंत का कधी?”

बघितलं नव्हतं. शोधलं, तर सेटिंगच्या एका फाईलवर दादा दवाखान्यात गेला त्या दिवसाची तारीख. फाईल कर्नलपेक्षा नवी, म्हणून प्रश्न. मोठी ड्रॉइंग अडकू नयेत म्हणून त्याने मेमरी वाढवून ठेवली होती. म्हणजे महिनाभर मी त्याच्या शेवटच्या कामालाच नाही म्हणत होतो?

‘होय’ दाबलं. मशीन पुन्हा सुरू झालं तेव्हा त्याने काहीच विचारलं नाही. ते मात्र सहन होईना. फाईल उघडली. ती नुसती परत सेव्ह केली की उद्या मशीन पुन्हा विचारेल, एवढं मला येतं. पण मग तिच्यावर आजची तारीख पडेल. दादाची जाईल.

सेव्ह न करताच फाईल बंद केली.