चौकाच्या पाटीवरचा ब्रह्मदेश

मोशी, गुरुवार
२० नोव्हेंबर २०२५

आदरणीय आबा,

तुमच्या आमूचा सप्रेम जयभीम. आजीलाही सांगा. मी मैत्रिणीकडे, दिपालीकडे आहे, वेळेवर जेवते, गाडीचा हेडलाइट बदलून घेतलाय. तुम्ही म्हणाल, कासारवाडी ते मोशी एवढंसं अंतर आणि ही पोरगी कागद कसले काळे करते. पण फोनवर तुम्ही मधेच बोलता आणि मी मधेच भडकते. कागदावर तुम्हाला मधे बोलता येत नाही, म्हणून हा उद्योग.

दिपालीची सोसायटी इंद्रायणीकाठी आहे असं जाहिरातीत होतं. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी दिसते. ती सकाळी सहाच्या बसने चाकणला कंपनीत जाते आणि मी तिच्या मांजरासारखी दिवसभर घरात लोळते. असो. मांजरावरून आठवलं, पण ते नंतर सांगते.

आधी हे. रविवारी पाटीच्या उद्घाटनाला तुम्ही लिहून दिलेलं भाषण मी वाचणार नाही.

रागावू नका म्हणत नाही. रागवा, पण पुढचं वाचा. विहाराजवळच्या चौकाला तुमच्या वडिलांचं नाव लागावं म्हणून तुम्ही नऊ वर्षं अर्ज केलेत, हे मला माहीत आहे. गावातल्या जुन्या घरांच्या नावाने आपल्याकडे चौकच चौक आहेत, आपल्या वस्तीतलं एक नाव कुठे नाही, हेही दिसतं मला. आता निवडणुकीला उभं राहायचंय म्हणून प्रज्वलने पाटीचं मनावर घेतलं, तेव्हा तुम्ही आजीला पेढे आणायला लावलेत. पाटीचा मजकूर धनेशच्या फ्लेक्सच्या दुकानात मीच टाइप केला. 'ब्रह्मदेश आघाडीचे शूर शिपाई कालकथित गेनू शिवराम ओव्हाळ चौक.' धनेशने सवयीने 'कै.' टाकलं होतं, ते मी काढायला लावलं. म्हणाला, तुमचे लोक कैलासात जात नाहीत का? म्हटलं, तिकडे तुमचीच गर्दी फार. खूप हसला.

तर मांजर. सप्टेंबरात बाबासाहेबांच्या फोटोशेजारची फ्रेम पडून काच फुटली, मांजराने पाडली असं मी सांगितलं होतं. आपल्याकडे मांजर येतं कुठे आबा? काच मी फोडली. पाटीवर टाकायला पणजोबांचा लष्करातला नंबर हवा होता आणि तो त्या फ्रेममधल्या डिस्चार्ज बुकात असणार. मला कळायला लागल्यापासून आपण त्या पुस्तकाला हार घालतोय, चौदा एप्रिलला मेणबत्ती लावतोय. पण पुस्तक मिटून फ्रेम केलेलं. नुसतं कव्हर दिसतं. आतलं पान घरातल्या एकाही माणसाने पाहिलेलं नाही, असं मला तेव्हा वाटलं होतं.

दिपालीने इंग्रजी वाचून दाखवलं. परदेशात नोकरी: नाही. १९४२ ते १९४६, पहारा, नजरकैद छावणी, देवळी, राजपुताना.

ब्रह्मदेश नाहीच, आबा. गेनू शिपाई ब्रह्मदेशाच्या वाटेलाही गेला नाही.

मग मला कुठे चैन पडणार. तुम्ही म्हणताच, हिच्या पायाला चाकं आहेत, डिप्लोमा एका जागी बसून पुरा झाला नाही हिच्याच्याने. आधी पुरंदरला गेले, कारण त्या लढाईच्या काळात तिथे जर्मन लोकांना बायकापोरांसकट अडकवून ठेवलं होतं असं वाचलं. वर पडक्या बराकी आहेत, वाऱ्याने कान दुखतात. सासवडला अंजीर घेतले, ते तुम्ही खाल्लेत. मग साताऱ्याला, तिथेही अशी माणसं ठेवली होती म्हणतात, पण नेमकी जागा कुणाला सांगता आली नाही आणि मी कंदी पेढे खाऊन परत आले. एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं का? नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी मैत्रिणीच्या लग्नाला कोट्याला जाते म्हणाले होते. लग्नबिग्न काही नव्हतं. कोट्याहून बसने निघाले, मधे बुंदीत उतरून विहिरी बघण्यात एक दिवस घालवला, मग देवळी. छावणीच्या जागी आता एका दलाचं ट्रेनिंग सेंटर आहे. गेटवरच्या जवानाने विचारलं, किससे मिलना है? म्हटलं, मेरे पणजोबा यहाँ ड्यूटी करते थे. 'पणजोबा' त्याला कळलं नाही, पण समजून हसला आणि म्हणाला, मॅडम, अंदर तो नहीं जा सकते. माझ्याएवढाच होता. बूट चकचकीत, मान घामाने ओली.

भिंतीकडेने चालत गेले. पुढे एका टपरीवाल्या म्हाताऱ्याने बसवून घेतलं. त्याचे वडील छावणीत भाजी पोचवायचे. त्याने सांगितलेलं इथे लिहिते. सिंगापूर-मलायात दुकानं घालून बसलेली जपानी माणसं होती, फोटोग्राफर, दाताचे डॉक्टर, न्हावी. लढाई पेटली तशी इंग्रजांनी त्यांना उचललं, बोटीत घातलं, आधी दिल्लीच्या किल्ल्यात ठेवलं आणि मग इथे आणलं. बंदूक कुणाच्या हातात नव्हती. बायका होत्या, अंगावर पिणारी पोरं होती. तारेच्या आत सकाळ-संध्याकाळ ओळीत उभं करून मोजायचे. उन्हाने काही पोरं गेली, तरी दुसऱ्या दिवशी मोजणी असायचीच, आकडा तेवढा कमी.

आबा, तुम्हीच सांगितलंय की पणजोबा दिवेलागणीला तुम्हा भावंडांना अंगणात ओळीत उभं करून मोजायचे, आणि आकडा जुळला तरी पुन्हा मोजायचे. लष्करी शिस्त म्हणून तुम्ही आजही कौतुकाने सांगता. मी त्या टपरीवर बसून चहा थंड केला.

त्याच दुपारी तुम्हाला फोन केला. म्हटलं, राजस्थानात आहे, लग्न छान झालं. गावाचं नाव मी घेतलं नाही. तुम्ही म्हणालात,

"चप्पल घालून फिर गं. देवळीची जमीन पाय भाजते."

हे लिहायला मला तीन आठवडे लागले. आणि अजून एक आहे, ते लिहायचं नाही असं ठरवून बसले होते, पण मग या पत्राला अर्थ नाही.

पुस्तकातलं ते पान नुसतं मिटलेलं नव्हतं. डिंकाने चिकटवलेलं होतं. मी ते चहाच्या वाफेवर धरून सोडवलं. कडेने जाड कागदाची पट्टी लावलेली होती, आणि ती पट्टी कंपनीच्या हजेरी कार्डाची होती. टोकन नंबर ३१७६. तुमचा.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. पणजोबा होते तेव्हापासून माहीत होतं.

घरी आल्यावर आजीला विचारलं. तिचं नाव घेते म्हणून तिच्यावर चिडू नका, ती भाकरी थापता थापता सहज बोलून गेली. तुम्ही नवीन कामाला लागलात तेव्हा कँटीनमध्ये लढाईवर गेलेल्यांच्या गोष्टी चालायच्या. कुणाचा बाप आफ्रिकेत, कुणाचा इटलीत. तुम्ही खरं ते सांगितलंत, आणि एकजण म्हणाला, "म्हंजी तुज्या बापानं लढाईत बायका मोजल्या व्हय?" सगळं टेबल हसलं. पुढच्या वर्षी पणजोबा गेले, फ्रेम भिंतीवर चढली आणि ब्रह्मदेश घरात आला.

त्या टेबलावरचे सगळे मेले असतील आता. पण मी असते ना आबा, तर त्याच्या ताटात पाणी ओतलं असतं.

तुम्ही मात्र त्याला जिंकू दिलंत. वाईट वाटेल, पण मला असंच वाटतं. ज्या माणसाला गावच्या विहिरीला हात लावू देत नव्हते, त्याच्या हातात बंदूक देऊन सांगितलं, ही माणसं मोज. त्याने मोजली. यात मर्दुमकी नाही, कबूल. लाज आहे का? असेल, मला नीट ठरवता येत नाही. पण ते ज्याचं त्याने आयुष्यभर अंगावर वागवलं आणि एकदाही 'मी ब्रह्मदेशात लढलो' म्हटलं नाही. तुमच्याच तोंडून ऐकलंय, विचारलं की उठून बाहेर जायचे. त्या माणसाच्या डोक्यावर आपण चार फुटी अक्षरांत खोटं लावायचं आणि खाली उभं राहून पणतीने टाळ्या घ्यायच्या? मला नाही जमणार. आपल्या माणसाला चौक मिळायला दुसऱ्याची लढाई उसनी कशाला लागते?

म्हणून मी मजकूर बदललाय.

आता पाटी अशी आहे: 'शिपाई कालकथित गेनू शिवराम ओव्हाळ चौक. दुसऱ्या महायुद्धात देवळीच्या छावणीत निरपराध जपानी बायका-मुलांवर पहारा दिला. ते विसरले नाहीत.' धनेश म्हणाला, बाई, अशी पाटी अख्ख्या पिंपरी-चिंचवडात नाही. म्हटलं, म्हणूनच लाव. प्रज्वलला नमुना रीतसर पाठवला होता. त्याने बोटाने मोठा करून स्वतःचा फोटो तेवढा पाहिला असणार, कारण दोन मिनिटांत अंगठा आला, आणि चेहरा जरा उजळ करा असा निरोप. चेहरा उजळ केलाय. पाटी लोखंडी आहे, छापून, वेल्डिंग करून तयार आहे, वर भगवा-निळा नाही, पांढरा कपडा गुंडाळलाय.

तुमच्या पाठीमागे केलं असं कुणी म्हणू नये म्हणून आज कळवते. तुमच्याकडे पुरे दोन दिवस आहेत. प्रज्वलला एक फोन केलात तर पाटी उतरेल, कदाचित चौकही जाईल, कारण 'पहारेकऱ्याचा चौक' म्हटल्यावर त्याला मतं दिसणार नाहीत. नऊ वर्षं जातील. ते माझ्यामुळे जातील, हे मी डोळे उघडे ठेवून लिहिते. पण फोनवर त्याला कारण सांगावं लागेल, आणि ते तुम्हाला तुमच्या तोंडाने सांगावं लागेल. मी कुणाला काही बोललेले नाही. दिपालीलासुद्धा पट्टीचं माहीत नाही.

पुस्तक आजीच्या ट्रंकेत, साडीच्या घडीत ठेवलंय. पान उघडं आहे. पट्टी मी फाडलेली नाही, ती तुमची आहे, तुम्ही काय करायचं ते करा.

रविवारी सकाळी दहाला मी चौकात असेन. कपडा निघाला आणि कुणी हसलं तर उत्तर द्यायला मी आहे. कुणी विचारलं की हे लिहिलं कोणी, तर माझं नाव सांगेन, तुमचं नाही. तुम्ही आलात तर स्टेजवरच्या खुर्चीत बसू नका, खाली माझ्या बाजूला उभे राहा. नाही आलात तर मी एकटी उभी राहीन, पाय भाजले तरी.

औषध वेळेवर घ्या.

तुमची न ऐकणारी, आणि गेनू शिपायाची पणती म्हणून पहिल्यांदाच पुरं नाव लिहिणारी,

आम्रपाली बुद्धरत्न ओव्हाळ