खांबातली कुऱ्हाड

३ ऑक्टोबर
महागावात येऊन पडलो एकदाचे! कॉलेजात इतिहास शिकवायचा आणि भाड्यानं मिळालं ते देवरावांचं शंभर वर्षांचं घर. इतिहासाच्या मास्तराला आणखी काय हवं? बायको, समीक्षा, पाली मोजतेय. मी सागवानी खांब. मधल्या खांबात एक कुऱ्हाड खोल रुतलेली आहे, वर कुंकवाची पुटं. या घराचा इतिहास मी लिहिणारच.

८ ऑक्टोबर
देवराव यवतमाळला असतात. कुऱ्हाडीचं नाव काढलं की त्यांच्या फोनची रेंज जाते! शेजारच्या इंदूबाई दर दसऱ्याला तिला कुंकू लावतात म्हणे, पण त्या लेकीकडे केळापूरला गेल्यात. शाळेतली जुनी हजेरी चाळली. १९६४च्या दसऱ्यानंतर या घरातल्या तीन मुलांच्या नावांवर एकाच दिवशी काट मारलेली. गाव सोडलं असणार.

१२ ऑक्टोबर, दसरा
खांबात अडकलेल्या शस्त्राची पूजा कसली करायची? ओढली, तर अलगद निघाली. घासली, धार लावली, पाटावर मांडली. समीक्षानं आपट्याची पानं वाहिली. फोटो झकास आलाय.

१३ ऑक्टोबर
कुऱ्हाड पाटावर नव्हती. अंगणात होती. शेजारी इंदूबाईंची बकरी, दोन तुकडे. माझ्या बनियनवर रक्त. मला काहीच आठवत नाही. समीक्षा उठायच्या आत बकरी पोत्याखाली झाकली; तिला सांगायची हिंमत झाली नाही.

१४ ऑक्टोबर
इंदूबाई परतल्या. बकरीकडे पाहिलंसुद्धा नाही. रिकामा खांब बघून त्याच्या खाचेत बोटं घातली. म्हणाल्या, मास्तर, काहून काढली? देवरावच्या काकानं हिनंच बायको अन् तीन लेकरं तोडले. हिच्या तोंडात लाकूड हाय तवर हे चूप राह्यते.
मला भीती वाटतेय. खरंच वाटतेय.

१५ ऑक्टोबर, सकाळ
कुऱ्हाड परत खांबात रुतवायला गेलो, तर खाच भरून आलीय. शंभर वर्षांचं वाळकं सागवान — भरून आलंय! वीस घाव घातले. शिरत नाही. इंदूबाई दांडा सोडवायला आल्या — मी नाही, हातानं — मानेपासून छातीपर्यंत. ओसरीवर पडल्यात. हलत नाहीत.

दुपार
समीक्षाला खोलीत जाऊन आतून कडी लावायला सांगितली. डाव्या हातानं लिहितोय. उजवा हात दांडा सोडत नाही. विळीवर त्याची दोन बोटं कापली. उरलेली तरी —

ती विचारतेय, दार कोण फोडतंय. मी नाही. मी तर लिहितोय —

फळी फुटली. फटीतून तिला माझा हात दिसला, रक्त दिसलं. तिला वाटतंय, मलाच कोणी मारतंय. धावत आली. कडी काढतेय — समीक्षा, नको, का