आणा इकडे, मी ऐकतो

३ नोव्हेंबर
आलो बुवा एकदाचा इटलीतल्या त्रिएस्तेला! चौथा मजला, खिडकीतून बंदर दिसतं आणि नोकरी अशी की माझं वेड हीच माझी लायकी. रस्त्यावर झोपलेला, कानात आवाज ऐकलेला माणूसच इथे, या मनोरुग्णांच्या घरात, सोबती म्हणून नेमतात. मोठी सोबतीण लोरेदाना हिनं न्याहारीलाच बजावलं, "कुणाचा आवाज खोटा म्हणायचं नाही, कळलं का शहाण्या? फारच छळायला लागला तर म्हणायचं, आणा इकडे, आज मी ऐकतो. आणि संध्याकाळी आठवणीनं परत करायचा." नुसतं म्हणायचं असतं. तेवढ्यानंही माणसाला झोप लागते म्हणे.

८ नोव्हेंबर
नीवेसबाई माझ्या आईच्या वयाच्या. बरीच वर्षं स्टेशनावर काढलेली, त्यामुळे अजून जमिनीवरच झोपतात, तेही बूट घालून. डोळा लागला की कानात कुणी पुरुष म्हणतो, ऊठ, जागा माझी आहे. मी ऐटीत म्हटलं, "आणा इकडे. परत नाही करत, कायमचा ठेवून घेतो." लोरेदानानं डोळे वटारले. बाई मात्र दुपारभर पलंगावर घोरत होत्या. मला कोण आनंद झाला!

१२ नोव्हेंबर
बाई आता बूट काढून झोपतात. आज त्यांनी सगळ्यांना घेवड्याचं सूप करून वाढलं. माझी झोप मात्र उडाली आहे. ऊठ, म्हणतो. माझा जुना आवाज असा नव्हता.

१५ नोव्हेंबर
लोरेदानाला सांगायची लाज वाटते. पुन्हा आजारी पडलो म्हणून काढलं तर— परत रस्ता. आज खुर्चीत बसलो होतो, तो म्हणाला, ऊठ. उठलो. खुर्चीची गादी दबलेलीच राहिली.

१६ नोव्हेंबर
परत दिला. बाई गाढ झोपल्या होत्या, हलवून उठवलं. म्हटलं, तुमचा तुम्ही घ्या. त्या म्हणाल्या, "बरं केलंस, पोरा. तू झोप आता." आणि मी नालायक खरंच झोपलो.

१७ नोव्हेंबर
बाई नाहीत. बूट इथेच आहेत. बाहेर बोरा सुटलाय, त्या वाऱ्यात उभंही राहवत नाही—

१९ नोव्हेंबर
धक्क्यावर सापडल्या. गारठून. मी मारलं त्यांना. लोरेदाना म्हणते, तुझा काय दोष? तिला कुठे ठाऊक—

२४ नोव्हेंबर
बाईंच्या खोलीत ओत्तावियो आलेत, पन्नाशीचे. म्हणाले, कानात एक म्हातारी बोलते. थंडी वाजते म्हणते, जरा सरक म्हणते. "आणि मला पोरा म्हणते, या वयात!" सगळे हसले. मी म्हटलं, आणा इकडे. परत करणार नाही.

पलंगावर आहे. चादर शेजारी दबली. गार— या, बाई. सरकलो. आणखी सरकलो. भिंत लागली, बाई, आता मला जागा—