हलका हात

तनुजावहिनी,

हे पत्र मी टाकणार नाय, म्हणूनच खरं लिहिते.

तुमच्या लग्नात शिवमदादाची शेरवानी खांद्यात कशी भरली होती, ते अख्ख्या मांडवानं पाहिलं. त्यासाठी तीन महिने आधीपासून तो जिममधून स्टेरॉइड आणायचा, आणि दर गुरुवारी इंजेक्शन मीच द्यायचे. नर्स आहे मी. बाटलीवरचं नाव वाचलं, या औषधानं माणूस भडकतो अन् सोडलं की खचतो हे ठाऊक होतं, तरी सुई भरली. लग्नानंतर तो थांबला नाय, मीबी नाय.

मग तो तुमच्यावर संशय घ्यायला लागला. चिकलठाण्याहून तुमची कंपनीची बस दहा मिनिटं उशिरा आली, तरी भिंतीवर मुठी मारायचा. शेवटी त्यानं तुमचं मनगट मोडलं. दवाखान्यात न्यायच्या आधी पट्टी मीच बांधली. तुम्ही रडत म्हणालात, "ताई, तुमचा हात लई हलका." दुसऱ्या दिवशी तुम्ही माहेरी गेलात.

आता इंजेक्शनं बंद आहेत. तो दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडतो, जगायचं नाय म्हणतो. काल मानसोपचाराच्या डॉक्टरांनी विचारलं, "हे कधीपासून?"

आई म्हणाली, "सून घरात आली तेव्हापासून."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली.

तुमची नणंद,
मुक्ता