मधला काळा डाग

मंगळवार, संध्याकाळ, भोसरी

लॅबमध्ये वाढवलेला मांसाचा तुकडा आज मेला. कडा गुलाबी, मधोमध काळा डाग. रक्तवाहिन्या तिथवर पोचल्याच नाहीत.

दादाला कसं सांगू? प्रेस मशीनखाली हात चेंगरलाय, तरी मांडीचं मांस लावून घ्यायला नाही म्हणतो. डॉक्टर ओरडून थकले. "माझी बहीण जित्तं मांस वाढवती, तेच लावीन." माणसाला लावायला अजून वर्षं लागतील, किती वेळा सांगितलं! की मीच घरी फार कौतुकाने बोलत होते?

शेवटी सांगितलं. तर हसला. "दुसरा वाढव की. मला कुठं घाई हाय?"

मग त्याची पट्टी बदलायला बसले. तळहाताच्या मधोमध तोच काळा डाग.